नाकाचा रकाना

ता. ९ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा निघाले ती काल सकाळी सुखरूप पोचले. गाडीत झोप अशी लागलीच नाही. डोळे मिटले की ते दुधाचं पातेलं दिसत होतं. सुरीने खरवडून खरवडून माझी बोटं दुखायला लागली तरी त्याचा तळ काही दिसला नाही, शेवटी टाकून दिलं. तुम्ही शोधत बसू नका.

बाबा, तोंडावर बोलले तेच पुन्हा लिहिते, कारण तुम्ही सोयीस्कर तेवढं ऐकता आणि बाकीचं कानावर ढकलता. मी भाजी घेऊन परत आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई धापा टाकत जिना चढत होत्या, स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत, दहा पावलांवर, पाय लांब करून पेपर वाचत होतात. तुम्हाला जवळ बसून बोललेलंच ऐकू येतं, ते समजू शकते. पण गॅसवर दूध ठेवलंय हेच विसरायचं? बॉयलरवर छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने? मला भीती वाटते, बाबा. विसरणं असंच सुरू होतं म्हणतात.

म्हणून आपलं जे ठरलं ते कागदावर असू द्या. डिसेंबरात मला आठ दिवस रजा आहे, तेव्हा मी येईन. तोवर असला आणखी एक जरी प्रकार झाला किंवा तिथे आल्यावर मला दिसला, तर कुरकुर न करता तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. नात वसतिगृहात गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. खिडकी पूर्वेला आहे. तुम्हाला तिथे काहीही कमी पडणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता कॉफीचं. कोपऱ्यावरचं दुकान महिनाअखेर बंद होतंय आणि मास्तर, टेलरकाका, पोस्टमावशी या तिघांना रोज सकाळी सातला तुमच्याकडेच कॉफी मिळेल असं तुम्ही जाहीर करून बसलात. म्हणजे पुन्हा गॅस आणि पुन्हा दूध! ह्यांचं म्हणणं असं की घरगुती एस्प्रेसो मशीन घ्यावं, विजेवरचं, आपोआप बंद होणारं. त्यांनी सोबत कागद पाठवलेत. कॅप्सूलचं मशीन त्यांना सगळ्यात बरं वाटतं. कॅप्सूल घालायची, बटण दाबायचं, संपलं.

तब्येतीला जपा. राग आला असेल तर तो आतल्या आत जिरवा आणि लोभ तेवढा बाहेर असू द्या.

तुमची,
शिट्टी

•

ता. २१ जून

चि. शिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पातेलं शोधलं नाही. राग आला होता, तो टेलरकडे जाऊन जिरवला.

जावईबापूंना सांग, कागद सगळे वाचले, त्यांचे आभार मान. पण कॅप्सूलचं मशीन हे आजारी माणसाला गोळी देण्यासारखं आहे. आत काय चाललंय ते दिसत नाही, कळत नाही, विचारायची सोय नाही. टेलर म्हणाला, प्रत्यक्ष बघू तरी. म्हणून आम्ही दोघं बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी आधी तेच दाखवलं. मग एक चकचकीत यंत्र दाखवलं, त्याला टीव्हीसारखा पडदा. ते बिया स्वतःच दळतं, पाणी स्वतःच तापवतं, दुधाला फेस स्वतःच आणतं, वर स्वतःला धुऊनही घेतं. मी विचारलं, मग मी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? बाई हसल्या, टेलर मात्र खाली बघत राहिला.

तिसरं यंत्र कोपऱ्यात होतं. पोलादी, वजनदार, एका हाताने हलत नाही. पुढे लांब दांडी, तिच्या टोकाला वाटीएवढी गाळणी, बाजूला वाफेची नळी, आणि मधोमध गोल काच, आत काटा. प्रेशर गेज! शिट्टे, खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून सात वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. मी बाईंना विचारलं, सेफ्टी व्हॉल्व्ह किती प्रेशरला उघडतो, टाकीची चाचणी कितीला केलेली आहे. त्यांनी आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी पुस्तक आणलं. पुस्तकातही नव्हतं. टेलर माझी बाही ओढायला लागला, मग घेऊन टाकलं. सोबत दळायला ग्राइंडर आणि वजनाचा एक छोटा काटाही घेतला.

यंत्र ओट्यावर बसवलंय. नियम जुनाच, पाणी आधी, आग नंतर. आणि रजिस्टर घातलंय. तू लहानपणी बॉयलर हाउसमध्ये डबा घेऊन यायचीस तेव्हा पाहिलं असशील, आमचं एक मोठं रजिस्टर असायचं. दर तासाला पाणी, प्रेशर, शेरा. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचा रकाना, चार्ज. पुढचा माणूस येऊन, सगळं तपासून, चार्ज घेतला म्हणून सही करेपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही. घरी आग लागली तरी नाही. ज्या हॉस्पिटलचा बॉयलर मी चालवायचो, तू झालीस तेव्हा त्याच हॉस्पिटलात तुझी आई वर तिसऱ्या मजल्यावर होती आणि मी खाली बॉयलरपाशी. बदली माणूस चार तास उशिरा आला. आया येऊन सांगून गेली, मुलगी झाली, आवाज शिट्टीसारखा आहे. तेवढ्यावर मी चार तास काढले. तुझं नाव तिथेच पडलं, ते तुला आवडत नाही हे माहीत आहे.

विसरण्याचं म्हणशील तर मी काही विसरत नाही. तुझी अट लक्षात आहे. पण हे घर सोडून मी कुठे येणार नाही, हेही तू लक्षात ठेव.

लोभ आहेच, तो मंद आचेवर ठेवावा.

तुझा,
बाबा

•

ता. ३ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. गोळीच्या भागाला त्यांनी तोंड वाकडं केलं, पण प्रेशर गेजपाशी आल्यावर म्हणाले, बाबांनी आपल्याला पार निकालात काढलं. रागावलेले नाहीत. उलट त्यांनाच आता तसलं यंत्र हवंय.

मला बरं वाटलं, बाबा. रजिस्टर घाला, लाल शाईने सह्या करा, मास्तरांना ड्यूटी लावा, काय हवं ते करा. गॅस बंद राहिला म्हणजे झालं. शेगडी काढून टाकून विजेची घेतलीत का, ते मात्र लिहिलं नाहीत. तुम्हाला नको ते प्रश्न तुमच्या पत्रात शिरतच नाहीत.

इकडे छापखान्यात धावपळ आहे. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफं आलीत. परवा एका नकाशात उत्तर दिशेचा बाण खाली तोंड करून छापलेला निघाला. तिघांच्या हातून गेला होता, माझ्याकडे अडकला. साहेबांनी कौतुक केलं आणि कौतुकादाखल आणखी दोनशे पानं दिली.

आता कॉफी कशी होते ते कळवा. मला आठवतंय, दुकानातली कॉफी आली की तुम्ही आधी कप नाकाशी धरून डोळे मिटायचात आणि आई म्हणायची, प्यायची आहे, पूजा नाही करायची. तशी जमते का?

मी तुमच्यावर डोळा ठेवून आहे, लोभ ठेवून आहे, दोन्ही कमी होणार नाहीत.

तुमची,
शिट्टी (आता नाइलाज आहे)

•

ता. २५ जुलै

चि. शिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

शेगडी काढली. विजेची आली. झालं समाधान?

यंत्राचा अहवाल देतो. पहिल्या आठवड्यात भुकटी फार बारीक दळली गेली, तर काटा बारावर आणि कपात थेंब नाही. मी वाट पाहत शांत उभा होतो. मास्तरांना धीर कुठला. भूगोल शिकवलेला माणूस, त्याला वाटलं दांडी फिरवली की सुटेल. आत प्रेशर असताना दांडी फिरवली, आणि भुकटी छतापर्यंत! मास्तरांचा चष्मा, टेलरचा सदरा, पोस्टमावशींचं वर्तमानपत्र, सगळं एका रंगाचं झालं. कोणाला भाजलं नाही, नशीब. तेव्हापासून ओट्याच्या अलीकडे फरशीवर पांढरी रेघ मारली आहे. ती ओलांडायला माझी परवानगी लागते.

पोस्टमावशींच्या नेलपॉलिशने गेजवर नऊच्या आकड्यापाशी लाल खूण केली. आता रोज काटा बरोबर खुणेवर. अठरा ग्रॅम भुकटी, छत्तीस ग्रॅम कॉफी, सत्तावीस सेकंद. कालचे सव्वीस. आजचे सत्तावीस. वाफेच्या नळीने दूध तापतं, थर्मामीटर लावून बासष्ट अंशांना थांबतो. कप आधी गरम करून घेतो.

दुकान बंद करताना मालकाने उरलेल्या पाच किलो बिया मलाच दिल्या. त्या बॉयलर हाउसमधून आणलेल्या माझ्या मोठ्या डब्यात भरल्यात. तुला आठवत असेल, हिरवा, कड्यांच्या झाकणाचा. तसं झाकण आता मिळत नाही. मुंगी तर सोड, हवासुद्धा आत जात नाही.

तिघं रोज बरोबर सातला हजर असतात. पिऊन झालं की कोणी फार बोलत नाही. चांगल्या कामाचं लक्षण.

इथली काळजी नको. लोभाचा काटाही लाल खुणेवर असावा.

तुझा,
बाबा

•

ता. ६ सप्टेंबर

चि. सौ. शिट्टीताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शाळेचे पाचही वर्षांचे गणवेश ज्याने शिवले तो टेलरकाका लिहितो आहे. पत्र बघून घाबरू नकोस, तुझे बाबा ठणठणीत आहेत. दुखणं आमचं आहे.

ताई, गोष्ट नाजूक आहे, उसवायची कुठून ते कळत नाही. तुझे बाबा रोज सकाळी इतक्या प्रेमाने कॉफी करतात की बघत राहावं. वजन काय, घड्याळ काय, कपाला फडकं काय. समोर ठेवतात आणि रेघेपलीकडे उभे राहून आमच्या तोंडाकडे बघतात. आणि ताई, त्या कॉफीला ग्रीसचा वास येतो. हलका नाही, चांगला घमघमीत. आधी वाटलं, नवं यंत्र आहे, जाईल. दोन महिने झाले, वाढतोच आहे. मास्तर घरून निघतानाच पित्ताची गोळी घेऊन येतात. पोस्टमावशी चार-चार चमचे साखर टाकतात, त्यांना डॉक्टरांनी साखर बंद केलेली असताना. मी दोन घोटांत संपवतो आणि दुकानावर जाऊन चूळ भरतो.

माझी खात्री आहे की तो हिरवा डबाच. त्यात ते पूर्वी ग्रीस ठेवायचे. चार वेळा धुतलाय म्हणतात, पण पत्र्यात मुरलेलं काय निघतं? मावशी म्हणतात, त्यांचं आयुष्य त्याच वासात गेलं म्हणून त्यांना जाणवत नसेल. असेल बुवा. पण इतकं?

सांगायचं कोणी, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. कोणाची छाती होत नाही. यायचं थांबवावं असा विचार एकदा मास्तरांनी बोलून दाखवला. त्यावर मावशी त्यांना एवढ्या बोलल्या की विचारू नकोस. आम्ही गेलो नाही तर दिवसभर त्यांच्याशी कोण बोलणार? आणि आम्ही तरी कुठे जाणार? तेव्हा तूच काहीतरी युक्तीने लिही. माझं नाव मध्ये आणू नकोस, एवढी कृपा कर.

म्हाताऱ्या काकावरचा लोभ ढिला पडू देऊ नये.

तुझा,
टेलरकाका

•

ता. १३ सप्टेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आज ख्यालीखुशाली नंतर. आधी कामाचं.

मला एकाकडून काही कळलं, कोणाकडून ते विचारू नका. ते वाचून मी तुमची तीन वर्षांची पत्रं बाहेर काढली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. पट्टी घेऊन ओळ न ओळ तपासली, छापखान्यात तपासते तशी. आमच्या धंद्यात चुकीचं छापलेलं कोणालाही सापडतं, गळलेलं सापडायला वेळ लागतो. प्रेशर सापडलं. ग्रॅम, सेकंद, अंश, सगळं सापडलं. कॉफीची चव कशी आहे याबद्दल एक शब्द नाही. मी सरळ विचारलं होतं, कप नाकाशी धरून डोळे मिटता तशी जमते का, त्याला उत्तर नाही. मग मागची पत्रं पाहिली. खिडकीखालच्या जाईला बहर आलाय, असं दर वर्षी लिहिता. पूर्वी त्यापुढे वासाने झोप येत नाही म्हणून तक्रार असायची. गेल्या वर्षी आणि यंदा फुलं किती आली त्याचा आकडा आहे. मोजली होतीत, बाबा?

आणि मग मला ते पातेलं आठवलं.

बाबा, तुम्हाला वास येतो का? हो की नाही, एवढंच लिहा. प्रेशर नको.

मी रागावले आहे, हे लपवत नाही. तीन महिने मी या भीतीत काढले की माझ्या बापाची स्मृती चालली आहे. ह्यांच्याशी बोलले, डॉक्टरांशी बोलले, पुस्तकं वाचली. रोज सकाळी उठून आधी तुमचा विचार. आणि तुम्ही मला सेकंद कळवत होतात. नातीच्या खोलीला मी परवाच नवे पडदे लावले. आता तर ते मला जास्तच बरोबर वाटतात. ज्या माणसाला जळकं कळत नाही, गॅस कळत नाही, त्याने एकट्याने राहायचं कसं, हे तुम्हीच मला सांगा.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुमची,
शिट्टी

•

ता. २२ सप्टेंबर

चि. शिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

नाही. येत नाही.

एका शब्दात उत्तर मागितलंस, ते दिलं. आता बाकीचं ऐक.

गेल्याच्या गेल्या थंडीत तो ताप आला होता, आठ दिवस. उतरला तेव्हा वास गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. जिभेला गोड, कडू, आंबट, खारट एवढं कळतं, त्यापुढे काही नाही. कॉफी आणि काढा मला सारखेच. पहिला महिना वाट पाहिली. एक दिवस तुझ्या आईची शाल कपाटातून काढून नाकाशी धरली, तर नुसती लोकर. त्या दिवशी मी रडलो, शिट्टे. कोणाला सांगितलं नाही.

तुला का नाही सांगितलं? कान गेले तेव्हा तू फोन सोडून पत्रं लिहायला लागलीस, त्यात मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. पण नाक गेलं म्हटल्यावर तू मला इथून हलवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि लाजही वाटत होती. गरम झालेलं बेअरिंग, जळती वायर, गळतं तेल, हे सगळं मी आधी नाकाने ओळखायचो, गेजवर ते मागाहून दिसायचं. हाताखालची माणसं हसायची, म्हणायची, यांना पगार नाकाचा मिळतो. त्या माणसाच्या घरात दूध जळून कोळसा होतं आणि शेजारीण येऊन सांगते. त्यापेक्षा तू मला विसराळू म्हणालीस ते परवडलं. पण त्याने तुझी झोप उडेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिथे मी चुकलो. माफ कर.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी टेलरच्या दुकानात गेलो. नाव तू लिहिलं नव्हतंस, पण तुला पत्र लिहील असा तोच एक. मी काही बोलायच्या आत तो शिलाई मशीनच्या मागे गेला. मी म्हटलं, बाहेर ये, मला वास येत नाही. तो बाहेर आला, माझ्यासमोर बसला, आणि दोन महिन्यांत ग्रीस किती प्यायला त्याचा हिशेब सांगायला लागला. मग आम्ही दोघं हसलो ते गिऱ्हाईक येईपर्यंत हसतच होतो. हिरवा डबा बाहेर काढला आहे. बिया टाकल्या. यंत्र उकळत्या पाण्याने सात वेळा धुतलं.

दुसऱ्या दिवशी तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पोस्टमावशी म्हणाल्या, “तुमच्याकडे नाक नाही, आमच्याकडे तीन आहेत.” आणि रजिस्टर ओढून घेऊन स्वतःच्या हाताने एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, नाक.

तेव्हापासून पाळ्या लागल्या आहेत. सकाळी पावणेसातला ज्याची पाळी तो येतो, आधी स्वयंपाकघरात जाऊन सगळीकडे हुंगतो, दूध हुंगतो, डबे हुंगतो, सही करतो. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. विजेची शेगडी आहे, धूर झाला तर पेटणारा लाल दिवा भिंतीवर बसवला, बाहेरच्या खोलीतूनही दिसतो. मी स्वतः जुना नियम लावून घेतलाय. काही तापत असेल तर जागा सोडायची नाही, आणि एरवीही दर पाव तासाला स्वयंपाकघरात फेरी.

कॉफीचंही तसंच. मी करतो, ते सांगतात. आंबट म्हणाले की आणखी बारीक दळायचं, कडू म्हणाले की जरा जाड. मास्तरांना सगळंच आंबट लागतं, त्यामुळे त्यांचं मत अर्धं धरतो. परवा पहिल्यांदा तिघांनी एकदम मान हलवली. मावशींनी कप नाकाशी धरला आणि वास कसा आहे ते मला सांगितलं. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, मागे थोडा गुळासारखा. मी डोळे मिटून ऐकलं.

शिट्टे, डिसेंबरात ये. सगळं उघडून बघ. फक्त मला इथून नेऊ नकोस. तुझ्या घरी मला काही कमी पडणार नाही, खरं आहे. पण तिथे माझं कोणाला कामही पडणार नाही.

लोभ असेल तर तो आता कामाला लागू दे.

तुझा,
बाबा

•

ता. २६ नोव्हेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मधली पत्रं नुसती ख्यालीखुशालीची झाली, कारण मला काय लिहावं ते सुचत नव्हतं. तुमचं सप्टेंबरचं पत्र पर्समध्येच असतं. शालीचं वाचून मीही रडले, तेव्हा फिट्टंफाट.

पाच तारखेला सकाळी पोचते. मी काहीही ठरवलेलं नाही. पण मोठी बॅग रिकामी आणते आहे, तुमचे कपडे मावतील अशी. आधीच सांगून ठेवते, आपल्या घरात लपवाछपवी पुरे झाली. ह्यांचं म्हणणं, बाबांचं ऐक. माझं म्हणणं, आधी बघू दे.

टेलरकाकांना म्हणावं, त्यांचं नाव मी घेतलं नव्हतं. त्यांचा चेहराच तसा आहे.

लोभ बॅगेत घालून आणतेच आहे.

तुमची,
शिट्टी

•

ता. १५ डिसेंबर

चि. शिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याची तुझी तार नाही, फोन मला ऐकू येत नाही, म्हणजे पोचलीस असं धरून चालतो. जावईबापूंना बिया आवडल्या का? त्यांना सांग, यंत्र घेतलं तर आधी मला विचारायचं.

तू होतीस ते आठ दिवस घर भरलेलं होतं. तू नुसती बघत होतीस. पहिल्या दिवशी डबे उघडून पाहिलेस, दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली उदबत्ती धरून तो पेटतो का ते पाहिलंस. तुला वाटलं मी झोपलो होतो. कोपऱ्यात ती मोठी बॅग उभी. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, तरी रोज दहा वेळा बघत होतो.

तिसऱ्या दिवशी तू पावाचा तुकडा तव्यावर ठेवून, शेगडी चालू ठेवून आंघोळीला निघून गेलीस. बाबांना कळतं का ते बघायला. मला त्या वेळी तो डाव वाटलाच नाही, खरंच सांगतो. मी नेहमीच्या फेरीला स्वयंपाकघरात गेलो, तवा तापलेला, जवळ कोणी नाही. पाव उलटला, दुसरी बाजू भाजली, लोणी लावलं, शेगडी बंद केली. मग रजिस्टर काढून लिहिलं, शिट्टी चार्ज न देता आंघोळीला गेली. तू केस पुसत बाहेर आलीस, तुला ते दाखवलं, आणि टोस्ट दिला. तू ते वाचलंस, टोस्टकडे पाहिलंस, आणि तिथेच स्टुलावर बसून एवढी हसलीस की पोस्टमावशी जिन्यातून घाबरून वर आल्या. त्यांना वाटलं, रडते आहेस. थोडी रडतही होतीस.

त्यानंतर तू रोज सकाळी माझ्याबरोबर उभी राहिलीस. तुझा हात हलका आहे, भुकटी दाबताना जोर कमी पडतो, पण दुधाला फेस माझ्यापेक्षा बारीक येतो, हे कबूल. मास्तरांना तू केलेली कॉफीही आंबटच लागली.

जाताना बॅग घेऊन गेलीस. मी उचलून पाहिली, हलकी होती. तरी काही विचारलं नाही. म्हटलं, घरी जाऊन सावकाश लिहील, मनात काय आहे ते.

तुला गाडीत बसवून आलो. यंत्राला फडकं मारलं. उद्याची तारीख घालून ठेवावी म्हणून रजिस्टर उघडलं, तर त्या दिवसाच्या ओळीत माझं अक्षर नव्हतं. प्रुफं तपासतेस तसं बारीक, सरळ, तुझं. वेळ सहा पन्नास. पाणी भरलं. प्रेशर नऊ. सत्तावीस सेकंद. चव, शेंगदाणे आणि गूळ, बरोबर. नाकाच्या रकान्यात शिट्टी, अशी सही. आणि शेवटच्या रकान्यात, “सगळं तपासलं. चार्ज बाबांकडेच.”

शिट्टे, छत्तीस वर्षांत चार्ज घ्यायला पुष्कळ माणसं आली. कोणी वेळेवर आलं, कोणी चार तास उशिरा. सगळं तपासून चार्ज माझ्याकडेच ठेवून गेलेली तू पहिली. मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. टेलर आला तेव्हा मी अजून तिथेच उभा होतो. त्याने वाकून वाचलं आणि स्वतःहून रेघेच्या अलीकडेच थांबून म्हणाला, संध्याकाळची फेरी त्याची आहे, तो हुंगून घेईल, मी बसावं.

त्या खोलीचे पडदे राहू देत. उन्हाळ्यात पंधरा दिवस येईन, पाहुणा म्हणून. तेवढे दिवस इथला चार्ज मावशी घेणार आहेत. सही आत्ताच करते म्हणाल्या, मी म्हटलं, समोर उभ्या राहून, सगळं तपासून, त्या दिवशी.

लोभ तुझ्याकडे, चार्ज माझ्याकडे, असंच चालू राहावं ही विनंती.

तुझा,
बाबा